'रुंद नाक' आणि बंद दिवा: फिलँडो कॅस्टील प्रकरण

६ जुलै २०१६. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात सेंट पॉल शहराला लागून फाल्कन हाइट्स नावाचं लहानसं उपनगर आहे. रात्रीचे नऊ वाजले होते, पण तिकडे जुलैत सूर्य मावळतोच नऊच्या सुमारास, त्यामुळे रस्त्यावर अजून संधिप्रकाश होता. लार्पेंटर अॅव्हेन्यूवर जेरोनिमो यानेझ या पोलिसाला एका पांढऱ्या, १९९७ सालच्या ओल्ड्समोबिल गाडीतला चालक दिसला. त्याने रेडिओवरून सहकाऱ्याला कळवलं की ही गाडी थांबवून ओळखपत्रं तपासतो. गाडीतले दोघे दरोड्यातल्या लोकांसारखे दिसतात, आणि चालक तर आपल्या एका संशयितासारखाच वाटतो, कारण त्याचं नाक रुंद आहे.

दरोडा चार दिवसांपूर्वी, २ जुलैला, शेजारच्या लॉडरडेलमधल्या एका दुकानावर पडला होता. गाडी चालवणाऱ्या माणसाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. आणि गाडी थांबवल्यावर यानेझने त्याला जे कारण सांगितलं, त्यात दरोडाही नव्हता आणि नाकही नव्हतं. तुमचा ब्रेक लाइट लागत नाही, एवढंच तो म्हणाला.

रेडिओवर एक कारण आणि खिडकीशी दुसरं. पोलिसी बळ आणि वंश यांवरचा अमेरिकेतला वाद मला या दोन कारणांच्या मधोमध दिसतो. एक बाजू विचारते की गोळी झाडणं रास्त होतं का. दुसरी विचारते की मुळात गाडी का थांबवली. दोघी एकाच घटनेबद्दल बोलतात, पण एकीचा प्रश्न शेवटच्या दहा सेकंदांचा असतो आणि दुसरीचा त्याआधीच्या सगळ्या वर्षांचा. न्यायालयात पहिलाच प्रश्न टिकतो. म्हणून हे प्रकरण मी सुरुवातीपासून सांगते आहे.

नाकापाशी मात्र मला थोडं थांबायचं आहे. इंग्रजी अमदानीत हर्बर्ट रिस्ले नावाच्या अधिकाऱ्याने नाकाच्या रुंदीचं आणि लांबीचं गुणोत्तर काढून हिंदुस्थानातल्या जातींची वंशावार उतरंड लावायचा घाट घातला होता. १९०१ च्या जनगणनेचा तो आयुक्त. नाक जितकं रुंद तितका समाजातला दर्जा खालचा, असा त्याचा सिद्धान्त होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे नाकाच्या मापांचेच आकडे मांडून दाखवून दिलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे दोन वेगळे वंश ठरत नाहीत. हा इतिहास ज्या भाषेत वाचला जातो, त्या भाषेतल्या वाचकाला यानेझचं ते वाक्य नुसतं पोलिसी वर्णन म्हणून ऐकता येणार नाही. मला तरी येत नाही.

ते एक मिनिट

९ वाजून ५ मिनिटांनी गाडी पूर्ण थांबली. चालकाच्या जागी फिलँडो कॅस्टील, कृष्णवर्णीय, वय ३२. शेजारी त्याची मैत्रीण डायमंड रेनॉल्ड्स, मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी. यानेझ चालकाच्या खिडकीशी आला. त्याचा सहकारी जोसेफ काउझर गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला. यानेझने दिव्याचं सांगितलं, लायसन्स आणि विम्याचा कागद मागितला. फिलँडोने विम्याचं कार्ड दिलं. मग शांत आवाजात म्हणाला, "सर, तुम्हाला सांगायला हवं, माझ्याजवळ बंदूक आहे."

बंदूक कायदेशीर होती, आदल्याच वर्षी त्याने परवाना काढला होता. मिनेसोटाच्या कायद्याप्रमाणे पोलिसाने विचारल्याशिवाय हे सांगायची सक्ती नव्हती. समोरच्याने दचकू नये म्हणून त्याने आपणहून सांगितलं, असाच त्याचा अर्थ मी लावते.

"बरं. मग तिकडे हात नेऊ नका. बाहेर काढू नका."

"मी बाहेर काढत नाहीये."

"ते काढत नाहीयेत," रेनॉल्ड्सही म्हणाली.

"बाहेर काढू नका!" आणि त्यासरशी सात गोळ्या.

पाच फिलँडोला लागल्या, त्यातल्या दोन हृदयातून गेल्या. बंदुकीचा उल्लेख झाल्यापासून गोळ्या संपेपर्यंत दहा सेकंदांच्या आसपास वेळ गेला असेल. 'मी तिकडे हात नेत नव्हतो' हे त्याचे शेवटचे शब्द. ९ वाजून ३७ मिनिटांनी इस्पितळात त्याला मृत घोषित केलं. त्याची बंदूक हाफपँटच्या उजव्या खिशात सापडली. मॅगझिन भरलेलं होतं, चेंबरमध्ये गोळी नव्हती.

गोळ्या थांबल्यावर मिनिटभराच्या आत रेनॉल्ड्सने फोनवरून फेसबुकवर थेट प्रक्षेपण सुरू केलं. शेजारी माणूस रक्तबंबाळ, खिडकीतून अजून रोखलेलं पिस्तूल, आणि ती प्रत्येक वाक्यात 'सर' म्हणते आहे. तुम्हीच त्यांना लायसन्स काढायला सांगितलंत, सर. एवढ्या भयानक क्षणी तिचा आवाज चढत नाही. चढला तर काय होईल हे तिला ठाऊक होतं. नंतर तिला बेड्या घालून पोलिसांच्या गाडीत बसवलं. तिथल्या चित्रीकरणात चार वर्षांची पोर आईला विनवते, ओरडू नकोस, नाहीतर तुलाही गोळी मारतील.

आपल्याकडून अमेरिकेत नव्याने गेलेल्या मुलांना आधी गेलेले लोक एक गोष्ट बजावून सांगतात. पोलिसाने थांबवलं तर गाडीतून उतरू नका, हात स्टिअरिंगवर ठेवा, विचारल्याशिवाय डॅशबोर्डचा खण उघडू नका. पुण्या-मुंबईत ट्रॅफिक हवालदाराने बाजूला घेतलं की आपण स्वतः उतरून, कागदपत्रं घेऊन त्याच्याकडे जातो. तोच विनय तिकडे धोका समजला जातो. ही शिकवण कामाची आहे यात शंका नाही. पण फिलँडोपुढे दोन हुकूम होते. लायसन्स दाखव, आणि हात नेऊ नकोस. खिशात लायसन्स असलेल्या माणसाला हे दोन्ही एका वेळी पाळता येत नाहीत. 'पोलिसाचं ऐकलं असतं तर जिवंत राहिला असता' हे वाक्य या वादात नेहमी ऐकू येतं. या प्रकरणात ते कुठल्या हुकुमाबद्दल म्हणायचं?

शेहेचाळीस वेळा

फिलँडो सेंट पॉलच्या जे. जे. हिल माँटेसरी शाळेत उपाहारगृहाचा पर्यवेक्षक होता. २००२ पासून तो शहराच्या शाळांमध्ये काम करत होता. शाळेतली जवळजवळ पाचशे मुलं त्याला नावानिशी माहीत होती, कुणाला काय खाल्लेलं बाधतं तेही. एखाद्याच्या खात्यात जेवणाचे पैसे नसले तर तो स्वतःच्या खिशातून भरायचा. हे त्याच्या सहकाऱ्यांनी आणि पालकांनी तो गेल्यावर सांगितलं.

त्याच्या आयुष्याची दुसरी नोंद सरकारी दप्तरात होती. एनपीआर या रेडिओसंस्थेने त्याची सगळी ट्रॅफिक प्रकरणं तपासली. पहिल्यांदा त्याला थांबवलं तेव्हा तो १९ वर्षांचाही नव्हता, शिकाऊ परवान्यावर गाडी चालवत होता. त्यानंतर साधारण १३ वर्षांत ४६ वेळा गाडी अडवली गेली आणि ६,००० डॉलरहून अधिक दंड बसला. या ४६ पैकी फक्त सहा वेळचं कारण असं होतं की जे बाहेरच्या पोलिसाला दिसू किंवा ऐकू शकेल, जसं की वेग किंवा खराब सायलेन्सर. अर्ध्याहून अधिक आरोप पुढे रद्द झाले.

दंड भरला नाही की लायसन्स निलंबित होतं. निलंबित लायसन्सवर पकडलं की नवा दंड. नोकरीला जायचं तर गाडी हवी, कारण तिथल्या उपनगरांत बसवर संसार चालत नाही. ज्याच्याकडे दोनशे डॉलर हाताशी असतात त्याच्यासाठी हा एका दुपारचा वैताग असतो. ज्याच्याकडे नसतात तो वर्षानुवर्षं त्यात रुतत जातो, आणि दर वेळी पोलिसाशी आणखी एकदा गाठ पडते.

खटला

१६ नोव्हेंबर २०१६ रोजी त्या भागाच्या रॅमसे काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, सरकारी वकील जॉन चॉय यांनी यानेझवर सदोष मनुष्यवधाचा, आणि गाडीतल्या इतर दोघींचा जीव धोक्यात घालून गोळीबार केल्याचे दोन असे आरोप ठेवले. त्या प्रसंगी यानेझला जे दिसत-ऐकू येत होतं ते पाहता कुठल्याही विवेकी अधिकाऱ्याने प्राणघातक बळ वापरलं नसतं, ही त्यांची भूमिका होती.

यानेझचं म्हणणं असं की त्याने फिलँडोचा हात खाली जाताना पाहिला, बंदूक पाहिली आणि आता मरतो असं त्याला वाटलं. घटनेच्या दुसऱ्या दिवशी तपास अधिकाऱ्यांना दिलेल्या जबाबात मात्र बंदूक दिसल्याचं तो इतक्या ठामपणे सांगत नव्हता. त्याच जबाबात त्याने गांजाच्या वासाचा दाखला दिला. जो माणूस लहान मुलीसमोर गांजा ओढून तिच्या फुप्फुसांची पर्वा करत नाही, तो माझी काय करणार, असा त्याचा तर्क होता. फिलँडोच्या रक्तात गांजाचा अंश सापडला होता हे खरं, आणि बचाव पक्षाने त्यावर बराच भर दिला. पण गांजाच्या वासावरून खुनाच्या इराद्यापर्यंतची ही उडी मी अनेकदा वाचून पाहिली आणि प्रत्येक वेळी मला तिच्यात आधीच ठरलेला माणूस दिसला.

दुसऱ्या बाजूला उभ्या काउझरने पिस्तूल उपसलं नव्हतं, त्याला बंदूक दिसलीही नव्हती. तरीही त्याने साक्ष यानेझच्या बाजूने दिली. आणखी एक गोष्ट मला खटकते. समोरचा सशस्त्र दरोडेखोर आहे असा खरोखर संशय असता, तर कुमक मागवून, लांब थांबून, लोकांना एकेक करून बाहेर यायला सांगण्याची पोलिसांची ठरलेली पद्धत आहे. यानेझ मात्र साध्या ट्रॅफिकच्या दंडासाठी जावं तसा थेट खिडकीपाशी गेला. संशय गाडी थांबवण्याइतका होता, काळजी घेण्याइतका नव्हता, आणि गोळी झाडायच्या क्षणी तो पुन्हा पुरेसा झाला.

बारा जणांच्या ज्यूरीत दोन कृष्णवर्णीय होते. त्यांच्यापुढचा कायदेशीर प्रश्न होता 'दंडनीय निष्काळजीपणा' सिद्ध झाला का. साध्या चुकीपेक्षा खूप वरची ही पायरी आहे. पाच दिवस खल करून १६ जून २०१७ रोजी त्यांनी यानेझला सर्व आरोपांतून निर्दोष सोडलं. पोलिसाच्या गाडीतल्या कॅमेऱ्याचं, म्हणजे डॅशकॅमचं, चित्रीकरण जनतेला पाहायला मिळालं ते त्यानंतर चार दिवसांनी. यानेझ ज्याच्या पोलीस दलात होता त्या सेंट अँथनी शहराने त्याला पुन्हा कामावर न घेता ४८,५०० डॉलर देऊन मोकळं केलं, आणि फिलँडोची आई व्हॅलरी कॅस्टील यांच्याशी २९ लाख ९५ हजार डॉलरची तडजोड केली.

वाद नेमका कशाचा

पोलिसांची बाजू मी उडवून लावणार नाही. अमेरिकेत कुणाच्याही खिशात बंदूक असू शकते आणि पोलिसाला त्या खिडकीशी एकट्याने उभं राहावं लागतं. फिलँडो गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी डॅलसमध्ये, अशाच मृत्यूंच्या निषेधाचा मोर्चा सांभाळणाऱ्या पाच पोलिसांना एका बंदूकधाऱ्याने टिपून मारलं. भीती खोटी नसते. मात्र तिचं माप मोठं करून शिकवलं जातं. २०१४ मध्ये यानेझने 'बुलेटप्रूफ वॉरियर' नावाचं प्रशिक्षण घेतलं होतं, ज्यात प्रत्येक गाडीत मारेकरी असू शकतो या गृहीतावर मन तयार केलं जातं. जॉर्डन ब्लेअर वूड्स या कायद्याच्या अभ्यासकाने फ्लोरिडातल्या दोनशेहून अधिक पोलीस दलांच्या दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा नेहमीच्या ट्रॅफिक तपासणीत पोलिसाचा खून होण्याचं प्रमाण ६५ लाखांत एक इतकं निघालं. मिनेसोटाने २०२० मध्ये असल्या 'योद्धा' प्रशिक्षणावर बंदी घातली.

यानेझ स्वतः मेक्सिकन वंशाचा आहे, मग यात वंशभेद कुठून आला, असं विचारलं जातं. पोलिसाच्या कातडीचा रंग हा पुरावा मानला तर हा प्रश्न बरोबर आहे. पण संशयाची सवय ही खात्याची असते, अंगावरच्या गणवेशाबरोबर ती येते. मिनेसोटाचे तेव्हाचे गव्हर्नर मार्क डेटन दुसऱ्याच दिवशी उघडपणे म्हणाले की गाडीतले लोक गोरे असते तर हे घडलं असतं असं मला वाटत नाही.

आकड्यांवरचा वाद अधिक गंभीर आहे. त्याच जुलै महिन्यात हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ रोलंड फ्रायर, जे स्वतः कृष्णवर्णीय आहेत, यांचा अभ्यास बाहेर आला. ढकलणं, बेड्या घालणं, पिस्तूल रोखणं अशा बळाच्या वापरात कृष्णवर्णीयांवर लक्षणीय अन्याय दिसला, पण गोळीबारात वांशिक फरक आढळला नाही. पोलिसांच्या समर्थकांनी हा निष्कर्ष उचलून धरला. २०२० मध्ये नॉक्स, लो आणि मुमोलो या तीन संशोधकांनी अशा अभ्यासांतली एक अडचण दाखवली. हे आकडे पोलिसांनी ज्यांना अडवलं त्यांच्याच नोंदींतून येतात. अडवण्यातच भेदभाव असेल, म्हणजे गोऱ्याला मोठ्या कारणावरून आणि काळ्याला फुटकळ कारणावरून थांबवलं जात असेल, तर फुटकळ कारणवाल्यांची गर्दी छेदात भरते आणि काळ्यांवरच्या बळाचं प्रमाण कागदावर कमी दिसतं. फिलँडोची ४६ वेळा झालेली अडवणूक या हिशेबात मांडून पाहा. त्या संध्याकाळच्या आधी दर वेळी तो सुखरूप घरी गेला, आणि हिशेबाच्या दृष्टीने त्या सगळ्या नोंदी पोलिसांच्या संयमाच्या खात्यात जमा झाल्या.

मग अडवण्यातला भेदभाव मोजायचा कसा? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने सुमारे साडेनऊ कोटी ट्रॅफिक तपासण्यांच्या नोंदी गोळा केल्या आणि अंधाराचा आधार घेतला. संध्याकाळी सातची वेळ हिवाळ्यात अंधारी असते, उन्हाळ्यात उजेडाची. वेळ तीच, रस्ते तेच. अंधारात चालकाचा वर्ण दिसणं कठीण. त्यांना आढळलं की अंधार पडला की थांबवल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण कमी होतं. लार्पेंटर अॅव्हेन्यूवर त्या संध्याकाळी नाक दिसण्याइतका उजेड होता.

इथे आपल्या मंडळींबद्दलही लिहायला हवं. अमेरिकेतल्या मराठी घरांत हा विषय निघाला की 'हा काळ्या-गोऱ्यांचा मामला, आपला काय संबंध' असा सूर लागतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामा राज्यातल्या मॅडिसन शहरात, मुलाकडे राहायला आलेले एक गुजराती आजोबा सकाळी पायी फिरायला निघाले होते. कुणा शेजाऱ्याने 'बारीकसा काळा माणूस फिरतोय' असा फोन केला. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं आणि मानेला अशी इजा झाली की त्यांचं अंग लुळं पडलं. तिथेही डॅशकॅम होता, दोन वेळा ज्यूरीचं एकमत झालं नाही आणि शेवटी तो पोलीस सुटला.

कायद्याची चौकट

पोलिसाने वापरलेलं बळ रास्त होतं का, हे ठरवण्याची कसोटी १९८९ च्या ग्रॅहम विरुद्ध कॉनर या निकालातून येते, आणि गंमत नव्हे तर दुःख असं की तेही प्रकरण गाडी अडवण्याचंच होतं. १९८४ मध्ये शार्लट शहरात डेथॉर्न ग्रॅहम या मधुमेही कृष्णवर्णीय माणसाची साखर अचानक उतरली. संत्र्याचा रस घ्यायला तो दुकानात धावला, रांग पाहून तसाच परतला. त्या घाईचा पोलिसाला संशय आला. मित्राची गाडी अडवली गेली, ग्रॅहमला बेड्या पडल्या आणि झटापटीत त्याचं पाऊल मोडलं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घटनास्थळी उभ्या असलेल्या वाजवी अधिकाऱ्याच्या नजरेतून पाहा, मागाहून सुचलेल्या शहाणपणातून नको. ग्रॅहम फेरखटलाही हरला.

१९९६ चा व्रेन निकाल गाडी थांबवण्याबद्दलचा. वाहतुकीचा कुठलाही नियम मोडलेला असेल तर पोलिसाच्या मनातला खरा हेतू काय होता हे पोलिसी झडती आणि अटकेवर मर्यादा घालणाऱ्या चौथ्या घटनादुरुस्तीखाली तपासायचं कारण नाही, असं न्यायालय एकमताने म्हणालं. हे दोन निकाल शेजारी ठेवले की फिलँडोचा खटला समजतो. व्रेनने नाकाचा मुद्दा ब्रेक लाइटमागे झाकला. ग्रॅहमने सगळा प्रकाश शेवटच्या क्षणावर टाकला. बारा माणसांनी पाच दिवस प्रामाणिकपणे विचार केला असेल, मी त्यांना दोष देत नाही. त्यांना विचारलेला प्रश्नच तेवढा होता.

मे २०२५ मध्ये ही चौकट थोडी रुंदावली. ह्यूस्टन परिसरात २०१६ मध्ये थकलेल्या टोलवरून एका तरुणाची भाड्याची गाडी अडवली गेली होती. गाडी सुटताच पोलीस तिच्या दारावर चढला आणि त्याने आतल्या चालकाला गोळ्या घातल्या. खालच्या न्यायालयांनी फक्त गोळीआधीचे दोन सेकंद पाहिले. बार्न्स विरुद्ध फेलिक्स या निकालात न्यायमूर्ती एलेना केगन यांनी एकमताच्या पीठासाठी लिहिलं की तेवढाच क्षण पाहून चालणार नाही, संपूर्ण परिस्थिती विचारात घ्यावी लागेल. पोलिसाने धोका स्वतःच ओढवून घेतला असेल तर काय, या प्रश्नाला मात्र न्यायालयाने त्या वेळी हात घातला नाही.

दिव्याचं पुढे काय झालं

फाल्कन हाइट्सने २०१७ अखेर सेंट अँथनीच्या पोलिसांशी असलेला बंदोबस्ताचा करार संपवला. त्याच वर्षी एका प्राध्यापिकेने शाळकरी मुलांची जेवणाची थकबाकी फेडायला फिलँडोच्या नावाने निधी उभारला आणि पाहता पाहता एक लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली.

मिनेसोटात 'लाइट्स ऑन' नावाचा उपक्रमही त्याच्या मृत्यूनंतरच सुरू झाला. गाडीचा दिवा बंद दिसला तर पोलिसाने दंडाऐवजी कूपन द्यायचं. ते घेऊन ठरलेल्या गॅरेजमध्ये गेलं की बल्ब फुकट बदलून मिळतो. मला हा उपक्रम आवडतो, पण कूपन हातात पडायलाही आधी मागे निळे-लाल दिवे लागावे लागतात, गाडी कडेला घ्यावी लागते आणि पोलीस खिडकीशी यावा लागतो.

सप्टेंबर २०२१ मध्ये जॉन चॉय यांनी पुढचं पाऊल टाकलं. बंद दिवा, काचेसमोर लटकवलेली वस्तू, मुदत संपलेली नोंदणी अशा, रस्त्यावरच्या सुरक्षेला धोका नसलेल्या कारणांसाठी गाडी अडवून त्यातून जे सापडेल त्यावर रॅमसे काउंटी गुन्ह्याचे खटले चालवणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. सेंट पॉलच्या पोलिसांनीही केवळ अशा कारणासाठी गाड्या थांबवणं बंद केलं. व्हर्जिनिया राज्याने त्याच वर्षी मार्चपासून हाच बदल कायद्याने केला होता, आणि फिलाडेल्फिया २०२२ मध्ये त्या वाटेने गेलं. व्हॅलरी कॅस्टील यांनी चॉय यांच्या निर्णयाला पाठिंबा दिला. त्यांच्या मुलाला अडवताना खिडकीशी जे कारण सांगितलं गेलं होतं, केवळ त्या कारणासाठी गाडी अडवणं त्याच काउंटीतल्या सेंट पॉलमध्ये २०२१ मध्ये बंद झालं.